कार्डावरचा शेरा: ‘चावतो’
(म्हाताऱ्या मांजरांच्या प्रकल्पाच्या नोंदी, जानेवारी ते नोव्हेंबर २०२५)

५ जानेवारी २०२५, रविवार

शेल्टरला जाऊन आले. पिल्लांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही असं घरून ठरवूनच निघाले होते, आणि टाकलं नाही. पिल्लांना आज ना उद्या घर मिळतं. तिथल्या ताईंना म्हटलं, "ज्यांना कुणीच नेत नाही, ती दाखवा." त्या मला थेट मागच्या रांगेत घेऊन गेल्या.

प्रत्येक पिंजऱ्याला एक कार्ड अडकवलेलं. नाव, अंदाजे वय, लस, नसबंदी आणि सगळ्यात खाली ‘शेरा’. मागच्या रांगेतले शेरे वहीत उतरवून घेतले: ‘चावतो.’ ‘घाण करते.’ ‘माणसाळत नाही.’ ‘एकटीच ठेवावी.’ मी ३१ वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, प्रगतीपुस्तकांवरचे शेरे खूप वाचलेत. पाचवीत एखाद्या पोराला ‘वर्गात लक्ष नसते’ असा शेरा मिळाला की तो दहावीपर्यंत त्याच्या मागे मागे येतो. आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की पोराला फळाच दिसत नव्हता, चष्मा हवा होता.

‘चावतो’ हा केशरी बोका आहे. रुंद गालांचा, डाव्या कानाचं टोक नसबंदीच्या वेळी खूण म्हणून कापलेलं. वय १२ च्या आसपास, तीन वर्षांपासून इथेच. एफआयव्ही पॉझिटिव्ह. नाव खंडू. मी समोर बसले तसा पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसला आणि अर्धा तास हलला नाही.

यालाच न्यायचं. घरी आल्यावर आईला सांगितलं. आई ८४ वर्षांची. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हातारपणी घर बदलणं सोपं नसतं गं. त्याला खोली वेगळी दे."

८ जानेवारी

एफआयव्हीबद्दल शेजारी दोघांनी विचारलं, म्हणून इथे लिहून ठेवते. हा मांजरांमधला विषाणू आहे, माणसाला होत नाही, कुत्र्याला होत नाही. मुख्यतः खोल चाव्यातून, म्हणजे बोक्यांच्या मारामाऱ्यांतून, एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो. अशी मांजरं वर्षानुवर्षं बरी जगतात, फक्त घरात ठेवायची आणि आजारपणाकडे वेळेवर बघायचं.

मधली छोटी खोली रिकामी केली. खिडकीला जाळी आहेच (आम्ही मुलुंडला, दुसऱ्या मजल्यावर), ती पुन्हा घट्ट करून घेतली. एका कोपऱ्यात लिटरचा (म्हणजे शी-शूच्या वाळूचा) ट्रे, त्याच्या समोरच्या कोपऱ्यात खाणं, पाणी आणखी तिसरीकडे. लपायला पुठ्ठ्याचं खोकं, त्याला दोन दारं. एकच दार ठेवलं की आत अडकल्यासारखं वाटतं. खोक्यात आईची जुनी गोधडी.

११ जानेवारी, शनिवार

खंडू घरी आला. वजन ३.२ किलो. एवढ्या मोठ्या डोक्याच्या बोक्याला हे फार कमी. कॅरिअरचं दार उघडलं तसा खोक्यात न जाता लोखंडी कपाटामागे शिरला.

१२ जानेवारी

आज मी चूक केली. सकाळपर्यंत तो कपाटामागेच होता, खाल्लं नव्हतं, ट्रेही कोरडा. मला काळजी वाटली. आई म्हणत होती, राहू दे त्याला. मी हात घालून बाहेर काढायला गेले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी चार दात, दोन आरपार.

साबण लावून नळाखाली १५ मिनिटं हात धुतला, घड्याळ लावून. मग पालिकेच्या रुग्णालयात. तिथे सीरम आणि रेबीजची लस, पुढच्या तारखा तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. बोक्याला लस दिलेली आहे, तरी मी टाळाटाळ केली नाही. कुणीही करू नये. मांजराचे दात सुईसारखे असतात, बाहेरून जखम इवलीशी दिसते आणि आत पू धरते.

घरी येताना शेरा डोक्यात होता. ‘चावतो.’ पण एखाद्या परक्या माणसाने पहाटे माझ्या पांघरुणात हात घातला असता तर मीही हेच केलं असतं.

नियम केला: यापुढे खंडूला पकडायचं नाही. खोलीत जायचं, जमिनीवर बसायचं, वही काढायची, आपलं काम करायचं. डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही. बघितलंच तर सावकाश पापण्या मिटायच्या आणि सावकाश उघडायच्या.

२० जानेवारी

आठ दिवसांत रात्रीचं खाणं सुरू झालंय, पण कसं खातो ते आज पहिल्यांदा दाराच्या फटीतून नीट बघितलं. भूक आहे. बशी ठेवली की धावत येतो. कोरड्या खाण्याचा एक दाणा उचलतो, मान एका बाजूला कलती करतो, दाणा तोंडातून खाली पडतो, आणि मग तो बशीवरच गुरगुरतो, दोन पावलं मागे सरकतो. पुन्हा पुढे येतो, पुन्हा तेच. बशीच चावली असं त्याला वाटत असावं. पुढच्या पंजाच्या आतल्या बाजूचे केस तपकिरी आणि चिकट झालेत. लाळ पुसून पुसून.

४० ग्रॅम ठेवलं होतं, त्यातलं ३१ जमिनीवर.

हा स्वभाव वाटत नाही मला. हे तोंडाचं दुखणं आहे.

२५ जानेवारी

पहिल्या डॉक्टरांनी त्याला कॅरिअरमधून बाहेरही काढलं नाही. "बारा वर्षांचं आहे, त्यात एफआयव्ही. आता काय करणार? मऊ खायला द्या." फी घेतली. मला रडू आलं, रागाचं.

संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. या बाईंनी कॅरिअरचं झाकण वरून काढलं, त्याला त्याच्याच गोधडीत बसू दिलं, टॉवेल पांघरला आणि फक्त दोन सेकंद ओठ वर केला. तेवढं पुरलं. हिरड्या सोललेल्या डाळिंबासारख्या लाल, आणि घशाच्या दोन्ही बाजूंना तसंच. दातांच्या मुळाशी जमलेल्या थराविरुद्ध शरीरच पेटून उठतं, म्हणाल्या. नुसती औषधं देत राहिलं तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि परत उलटतं. दात काढायचे. सगळे.

"मग खाणार कसा?" मी विचारलं.

"आत्ता खातोय का?" त्या म्हणाल्या. मग शांतपणे समजावलं: मांजर आपल्यासारखं चावून चावून खात नाही, बरंचसं तसंच गिळतं. दुखरे दात असण्यापेक्षा दात नसलेलं मांजर बरं खातं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आधी रक्त तपासलं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारा आकडा) १.४, भूल सोसेल असं. मोठ्या मांजराला ३० दात असतात, खंडूचे २१ उरले होते. एक्स-रेमध्ये आणखी तीन मुळं दिसली, वरून दात तुटून गेलेले आणि मुळं आत राहिलेली. तीसुद्धा काढली. सव्वादोन तास. मी बाहेर बाकावर बसून होते, आईने तीन वेळा फोन केला.

यासाठी मुदत ठेव मोडली. सुट्टीत केरळला जायचं ठेवलेलं होतं, त्या पैशांतून झालं. मला त्याचं वाईट वाटत नाही.

डॉक्टरांनी दुखण्याचं औषध सिरिंजमध्ये भरून दिलं आणि बजावलं, घरातली कुठलीही गोळी मनाने द्यायची नाही. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. हे शेल्टरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला हवं.

८ फेब्रुवारी

चौथा दिवस. पाऊचमधलं ओलं खाणं मिक्सरमधून काढून, कोमट करून ठेवलं. त्याने ६० ग्रॅम खाल्लं. सलग, मान कलती न करता. बशीवर गुरगुरला नाही.

मी दाराच्या फटीतून बघत होते. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे उभी होती.

१६ फेब्रुवारी

रात्री पावणेदहाला मी जमिनीवर बसून वहीत लिहीत होते. खंडू खोक्याच्या दारात. एक आवाज यायला लागला, पहिल्यांदा वाटलं शेजारचा पंप. मग कळलं. गुरगुर आणि घुरघुर, लिहिताना एका अक्षराचा फरक. हा बोका तीन वर्षं शेल्टरला होता, ताईंना फोन करून विचारलं, त्यांनी एकदाही ऐकली नव्हती.

१५ मार्च

वजन ३.९. धुळवडीच्या गोंगाटात कपाटामागे गेला होता, दुपारी आपणहून आला.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारली, आणि तेवढ्यात ताईंचा फोन. ‘घाण करते’ शेऱ्याची भाटी, तारा. तिरंगी, १४ वर्षांची. तिला सांभाळणारे आजोबा गेले, मुलांना मांजर नको होतं. दोन घरांनी नेली आणि आठवड्यात परत आणून दिली, दोन्ही वेळी कारण एकच, ट्रेबाहेर करते. आता तिने खाणं कमी केलंय.

आईने फोन ऐकला होता. माझी कडुलिंबाची चटणी वाटून व्हायच्या आत म्हणाली, "घेऊन ये तिला. मी आहे घरात दिवसभर."

६ एप्रिल, रविवार

तारा आली. २.७ किलो. पाठीचा कणा हाताला मणी मणी लागतो. कॅरिअरमधून स्वतः बाहेर आली, खोलीभर भिंतीच्या कडेकडेने चालली, आणि आईच्या पलंगाखाली न जाता पलंगासमोर बसून वर बघत राहिली. चढायचं होतं, उडी मारता येत नव्हती. आईने माळ्यावरचे दोन पाट काढायला लावले. एक आडवा, त्यावर दुसरा थोडा मागे सरकवून. तारा पहिल्यावर, मग दुसऱ्यावर, मग पलंगावर.

त्या पाटांवर आमच्या घरातल्या किती पंगती उठल्यात.

(खंडू मधल्या खोलीत, दार बंद. तिसऱ्या आठवड्यापर्यंत गाठभेट नाही.)

९ एप्रिल

तिसरा दिवस, तीन वेळा ट्रेबाहेर. पण दर वेळी ट्रेच्या अगदी काठाशी. घाण करायची असती तर सगळं घर होतं. मी ट्रेची कड मोजली: १६ सेंटीमीटर. पाट नसता तर पलंगावर चढता येत नाही अशा म्हातारीने १६ सेंटीमीटरची भिंत दिवसातून सहा वेळा ओलांडायची?

कपडे भिजवायचा जुना टब घेतला. एका बाजूला हॅक्सॉने खाच पाडली, जमिनीपासून पाच सेंटीमीटर. कापलेली कड पॉलिश पेपरने घासली आणि मग मेणबत्तीवर किंचित मऊ करून गोल केली, पोटाला लागायला नको. लिटर बारीक, बिनवासाचं, दोन बोटं जाडीचं. सुगंधी लिटर आपल्याला छान वाटतं, त्यांना नाही.

१० एप्रिल

सगळं ट्रेमध्ये.

११ एप्रिल

सगळं ट्रेमध्ये. पण लिटरचे गोळे मोजले तर खूप आणि मोठे. दिवसाला सात. पाणीही सतत पिते. डॉक्टरांची वेळ घेतली.

१७ एप्रिल

क्रिएटिनिन ३.४. लघवीचं विशिष्ट गुरुत्व १.०१५, म्हणजे मूत्रपिंडांना आता लघवी घट्ट करता येत नाही, पाणी निसटून जातं. ते भरून काढायला ती पीत राहते आणि तरीही कोरडी पडते. आजाराचे चार टप्पे धरतात, तारा तिसऱ्यात. म्हाताऱ्या मांजरांमध्ये हे फार सर्रास.

रक्तदाब १९०. हे मला अजिबात माहीत नव्हतं, की मांजराचाही रक्तदाब मोजतात, लहान बाळाच्या पट्ट्याएवढा पट्टा पायाला बांधून. मूत्रपिंडांच्या आजारात तो चढतो आणि एके दिवशी डोळ्याचा पडदा सुटून मांजर अचानक आंधळं होतं. अॅम्लोडिपिन सुरू केलं, अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग, रोज. आईचीही हीच गोळी आहे. आता सकाळी दोघींच्या गोळ्या एकाच वाटीत काढून ठेवते, तिची पूर्ण, ताराची पाव. पाव गोळी तुपाच्या थेंबात बुडवली की जाते.

खाणं मूत्रपिंडांसाठीचं. आणि एक दिवसाआड कातडीखाली १०० मिलि सलाईन. हे घरी करायचं. मी डॉक्टरांसमोर दोनदा केलं, दुसऱ्यांदा हात कमी थरथरला.

२० एप्रिल

सलाईनची पद्धत, जशी जमली तशी:

आरएलची (रिंगर लॅक्टेट, हेच ते सलाईन) ५०० मिलिची बाटली पाच वेळा पुरते. आधी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट करायची, मनगटावर थेंब टाकून बघायचं, आपण बाळाच्या दुधाचं बघतो तसं. बाटली पडद्याच्या दांडीला टांगायची. सुई दर वेळी नवी, आम्ही पंख असलेली स्कॅल्प व्हेन वापरतो, धरायला सोपी. तारा आईच्या मांडीवर, तोंड आईकडे. मी मागून खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत तंबूसारखी उचलते आणि तंबूच्या दारातून सुई आत. चाक सोडायचं आणि बाटलीवरच्या रेषा बघत राहायचं. सात-आठ मिनिटं. आई रामरक्षा म्हणते, ती संपायला तेवढाच वेळ लागतो. सुई काढून जागा अर्धा मिनिट चिमटीत दाबून धरायची. पाठीवर उंचवटा येतो, तो हळूहळू एका पायाकडे उतरतो आणि संध्याकाळपर्यंत जिरतो.

लोकांना सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. मलाही वाटली होती. चौथ्या वेळेपासून हे घरातलं काम झालं, दूध तापवण्यासारखं.

२ मे

ताराचं खाणं दिवसाला ११० ग्रॅमवर आलं. युक्ती अशी की खाणं तिच्या अंगाइतकं कोमट हवं. फ्रिजमधलं गार खाणं वासाला मेलेलं असतं, आणि मांजर आधी नाकाने जेवतं. बाजारातल्या मावशी ओले बोंबील देतात. एक बोंबील मीठ, हळद, लसूण काहीही न घालता उकडायचा, त्याचं दोन चमचे पाणी तिच्या खाण्यावर. सुकट, सुके बोंबील तिला बंद, त्यात मीठ फार. मावशींना सगळं सांगितलं, तर त्यांनी आजचा बोंबील पैसे न घेता दिला. "तुमच्या आजारी बाईसाठी."

सोसायटीतले एक काका म्हणाले, मांजराला दूध-पोळी घाला, आमच्याकडे तशीच जगायची. जगायची, हे खरं. पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. आणि टॉरिन नावाचं पोषकद्रव्य हवंच, ते मांस-मासळीतूनच येतं, ते मिळालं नाही तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. काकांना हे सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

२६ मे

पावसाळा आजच आला मुंबईत, इतका लवकर कधीच आला नव्हता. गॅलरीतल्या गोधड्या पळत आत घेतल्या.

८ जून

खंडू-तारा ओळख, सहावा आठवडा. घाई केली नाही. आधी तिच्या अंगाखालचं फडकं त्याच्या खोलीत, त्याचं तिच्याकडे. मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण. मग दाराला जाळी लावून. डॉक्टरांशी एफआयव्हीचं बोलून घेतलं होतं: भांडण नाही, चावा नाही, तर धोका फारच कमी. म्हणूनच एवढी सावकाशी.

आज जाळी काढली. तारा चालत गेली, त्याच्या खाण्याच्या बशीचा वास घेतला, आणि परत आपल्या पाटावर. खंडूने एक पंजाही उचलला नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी

लिहायला विशेष काही नाही, आणि तेच लिहायचंय. खंडू ४.१ किलो. तारा २.९. दोघं खिडकीत, मध्ये हातभर अंतर, बाहेर पाऊस. खंडू माझ्याजवळ येतो, गुडघ्यापासून दोन फुटांवर बसतो, त्याहून जवळ नाही. मांडीवर येणारं मांजर तो नाही, आणि मला त्याच्याकडून ते नकोही आहे.

आईचा एक नवा उद्योग. डॉक्टरांनी झोपेतले श्वास मोजायला सांगितलेत, मिनिटाला ३० च्या आत हवेत. आई जपमाळ घेऊन बसते, श्वासाला एक मणी, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरेपर्यंत. मग मला आकडा सांगते. आज तारा २२, खंडू १९.

१९ ऑगस्ट

दोन दिवस पाऊस नुसता कोसळतोय, गाड्या बंद, शाळा बंद. माझी चिंता एकच, आरएलच्या दोनच बाटल्या. पुरतील. शिकले: पावसाळ्यात महिन्याचा साठा घरात हवा, औषधांचाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

ढोल सुरू व्हायच्या आधी दोघांना मधल्या खोलीत घेतलं, खिडक्या बंद, पंखा मोठा. तारा झोपून राहिली, बहुतेक ऐकूही कमी येतं आता. मोदकाचं सारण करताना आई म्हणाली, लालबागला चाळीत असताना त्यांच्या मजल्यावर एक मांजर होतं, गिरणीतल्या उंदरांवर पोसलेलं. ते आजारी पडलं तेव्हा तिचे वडील पिशवीत घालून चालत परळला बैलघोडा हॉस्पिटलात घेऊन गेले होते. "लोक हसले त्यांना. पण ते मांजर पुढे पाच वर्षं जगलं." हे मला ५६ व्या वर्षी पहिल्यांदा कळतंय.

१४ सप्टेंबर

तारा २.६. खाणं ७० ग्रॅम. उलट्या आठवड्यात तीन. क्रिएटिनिन ५.८. उलटीचं औषध वाढवलं, सलाईन रोज.

डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, अजून किती. त्या म्हणाल्या, दिवस मोजू नका, चांगले दिवस मोजा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आजपासून खूण करायची. चार गोष्टी ठरवल्या: स्वतःहून खाल्लं का, पाटावरून पलंगावर गेली का, अंग चाटलं का, आईने हाक मारली तर मान वळवली का. चारपैकी तीन झाल्या तर तारखेभोवती गोल.

३० सप्टेंबर

पंधरवड्यात ११ गोल.

५ ऑक्टोबर, रविवार

आज गोल नाही. कालही नव्हता. पाटाशी आली, पहिल्या पाटावर पुढचे पाय ठेवले आणि तशीच उभी राहिली. मी पाट काढून ठेवले आणि गादी जमिनीवर घातली. आई म्हणाली, तिची गादी खाली तर माझीही खाली घाल. ८४ वर्षांची बाई, मी नको म्हणत होते. शेवटी दोघी खाली झोपल्या, मी पलंगाच्या कडेला पडून ऐकत होते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पाच दिवस गोल नाही. काल फक्त बोंबलाचं पाणी चाटलं.

डॉक्टर घरी आल्या, दुपारी साडेतीनला. आधी झोपेचं इंजेक्शन, ती आईच्या मांडीवर, तोंड आईकडे, रोज सलाईनला असायची तशी. पूर्ण झोपल्यावर दुसरं. आईने रामरक्षा सुरू केली आणि ती संपायच्या आत तारा गेली. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून सांगितलं, पण आईने आधीच माळ खाली ठेवली होती.

खंडूला आत येऊ दिलं. त्याने तिच्या कानाचा वास घेतला, मग टबाचा, मग पाट जिथे असायचे त्या जागेचा.

मालाडला महापालिकेची प्राण्यांची दहनभट्टी आहे. तिच्याच गोधडीत गुंडाळून नेलं. रिक्षावाल्याने काही न विचारता रेडिओ बंद केला.

सहा महिने आणि तीन दिवस. शंभरेक वेळा सलाईन. तिसऱ्या दिवसानंतर ट्रेबाहेर एकदाही नाही.

१२ ऑक्टोबर

खंडूने दोन दिवस अर्धंच खाल्लं. मांजर सलग दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी चढते, म्हणून डोळ्यात तेल घालून बघत होते. आज सकाळी ७० ग्रॅम. मी जेवले मग.

१४ ऑक्टोबर

लोक विचारतात, सहा महिन्यांसाठी एवढं कशाला. शाळेत एका बाईंनी तर प्रेमानेच विचारलं. मला उत्तर वहीत सापडलं. ६ एप्रिल ते ४ ऑक्टोबर, या काळात ती पाटावर चढत होती, कोमट जेवत होती, रात्री आईच्या पायाशी निजत होती. हे तिला इथे मिळालं. मागच्या रांगेत मिळालं नसतं.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी खंडूने आईच्या खोलीत काढली, फटाक्यांना पलंगाखाली. भाऊबीज झाल्यावर मी शेल्टरला गेले, तारासाठी आणलेलं उरलेलं खाणं, न उघडलेल्या आरएलच्या सहा बाटल्या आणि खाचेचा टब घेऊन.

ताईंशी बोलले. खंडूची आणि ताराची दोन्ही कार्डं त्यांनी ठेवली होती. मी म्हटलं, ही शेऱ्याची ओळच काढून टाकूया. त्याऐवजी काय दिसलं ते लिहायचं, आणि का असेल ते तपासून लिहायचं. दहा वर्षांवरची नऊ मांजरं आहेत. त्यांचे डॉक्टर रविवारी दोन तास येतात. मी वजनं करीन, खाताना बघीन, लिहीन. त्या म्हणाल्या, वजनकाटा नाही. शाळेतला जुना, बाद झालेला काटा मुख्याध्यापिकांना विचारून घेतला आहे, पाच ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो.

९ नोव्हेंबर

चार मांजरं बघून झाली. दोघांची तोंडं लाल. एकीची नखं वाढून पंजाच्या गादीत रुतलेली, म्हातारपणी ती झिजत नाहीत, आणि शेरा होता ‘हात लावू देत नाही’. डॉक्टरांनी तिथल्या तिथे कापली, जखम धुतली. त्या मांजराने आज चार पावलं सरळ टाकली.

२३ नोव्हेंबर, रविवार

नववं कार्ड आज लिहून झालं. मोठी अक्षरं, स्केच पेनने, वर प्लास्टिक.

नाव: काजळ. काळी भाटी, वय अंदाजे ११.
वजन: ३ किलो ४०५ ग्रॅम.
तोंड: दोन दात काढायचे आहेत, तारीख ७ डिसेंबर.
मागचा उजवा पाय: जुनं मोडलेलं हाड, वाकडं जुळलंय. तिथे हात लावला की फिसकारते. डोक्यावर आणि हनुवटीखाली चालतं.
ट्रे: एका बाजूला कड बुटकी लागते. टब इथून मिळेल.
खाणं: कोमट, दिवसातून चार वेळा थोडं थोडं.
आवड: खिडकी. पोचायला एक पाट ठेवावा.